आधी कुणाला सांगायचं?

वाचकांचे प्रश्न

संस्थेवर संकट आलं, दाराशी पत्रकार उभे राहिले आणि बोलायची जबाबदारी तुमच्यावर आली, असं कधी झालं आहे का? कुठे अडलात? गेल्या अंकात आम्ही असं विचारलं होतं. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. उत्तरं लिहिणारी मी आधी नऊ वर्षं दैनिकात बातमीदार होते, नंतर बावीस वर्षं एका रसायन कारखान्यात जनसंपर्क अधिकारी. फाटकाबाहेर तासन् तास ताटकळले आहे आणि फाटकाच्या आत बसून फोन टाळलेही आहेत.

प्रश्न : ताई, मी एका खासगी रुग्णालयात जनसंपर्काचं काम बघते. मागच्या वर्षी एकाच रात्री अतिदक्षता विभागात दोन रुग्ण दगावले. नातेवाइकांचा संशय औषधावर होता. आमच्या वकिलांनी निरोप दिला, 'चौकशी होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.' मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच ओळ होती : 'रुग्णालय प्रशासनाने प्रतिक्रिया देण्यास नकार दिला.' पुढे तपासात औषधात दोष निघाला नाही, पण ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. माझं काय चुकलं?

उत्तर : वकिलांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. मृत्यू कशामुळे झाला हे कळलेलं नसताना त्यावर बोलायचं नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्या रात्री तुम्हाला खात्रीने माहीत असलेल्या गोष्टी कितीतरी होत्या. दोन माणसं गेली. ती कोणत्या विभागात होती. नातेवाइकांना कुणी आणि कधी सांगितलं. त्या औषधाचा साठा बाजूला काढला की नाही. चौकशी कोण करणार. यातल्या एकाही वाक्यात कारण येत नाही, आणि यातलं एकही वाक्य पुढे मागे घ्यावं लागलं नसतं.

रात्री साडेनऊला बातमीदार फोन करतो तेव्हा त्याला निकाल नको असतो. पान लागायला तास-दीड तास उरलेला असतो आणि त्याला चार ओळी हव्या असतात. तुम्ही त्या दिल्या नाहीत, तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा भाऊ देतो, रात्रपाळीचा शिपाई देतो, पोलीस ठाण्यातून मिळतात. 'व्यवस्थापनाशी संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. लिहिताना मनात कुणाविषयी राग नसायचा. जागा रिकामी असायची आणि ती भरायला कुणीतरी मिळायचंच.

तुमच्या जागी मी असते, तर साधारण असं लिहिलं असतं : 'आज पहाटे आमच्या अतिदक्षता विभागात दोन रुग्णांचा मृत्यू झाला. दोघांच्याही नातेवाइकांना आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी प्रत्यक्ष भेटून माहिती दिली आहे. त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मृत्यूचं कारण अद्याप समजलेलं नाही. दोघांना दिलेल्या औषधांचा साठा वापरातून काढून तपासणीसाठी ठेवला आहे. पुढची माहिती दुपारी चार वाजता देऊ.' हा मजकूर वकिलांना दाखवायचा, शब्द बदलू द्यायचे, पण वीस मिनिटांत. जागोजागचा कायदा वेगळा असतो, म्हणून शब्दांवर त्यांची नजर हवीच. दुःख व्यक्त करणं आणि दोष कबूल करणं यांतला फरक बहुतेक वकिलांना पटतो, फक्त त्यांच्यासमोर कोरा कागद न ठेवता लिहिलेला मजकूर ठेवावा लागतो. आणि चार वाजता म्हटलं की चार वाजता यायचं. नवीन काही नसलं, तरी 'नवीन काही नाही' हे सांगायला यायचं.

या मजकुरातलं दुसरं वाक्य मात्र आधी घडलेलं असायला हवं, मगच कागदावर यायला हवं. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना ते तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, तेही समोर बसून. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह बेपत्ता झालं. २४ मार्चला, ते हिंदी महासागरात कोसळलं असं पंतप्रधानांनी जाहीर करण्याच्या सुमारास, अनेक कुटुंबांना कंपनीचा मोबाइल संदेश गेला : विमान हरवलं आहे, कुणीही वाचलेलं नाही. संदेश इंग्रजीत होता आणि प्रवासी बहुसंख्येने चिनी होते. बहुतेकांना आधी भेटून किंवा फोनवर सांगितलं होतं, संदेश हा जास्तीचा मार्ग होता, असं कंपनीने नंतर स्पष्ट केलं. ते खरंही असेल. पण त्या दिवसाचं जगाला जे आठवतं, तो तो संदेश आहे. सोळा दिवस वाट पाहणाऱ्या आईला हातातल्या फोनवर दोन ओळींत असं वाचावं लागणं, याचं समर्थन मला करता येत नाही.

तुमचं चुकलं ते एवढंच की तुम्हाला माहीत असलेलंसुद्धा तुम्ही स्वतःजवळ ठेवलंत. आणि पुढच्या वेळी नातेवाइकांच्या नावांचा प्रश्न आला, तर ती त्यांच्या परवानगीशिवाय द्यायची नाहीत, बातमीदार कितीही ओळखीचा असला तरी.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेत वसतिगृहातल्या मुलांना विषबाधा झाली. अध्यक्षांनी एका वाहिनीला सांगितलं, सगळी मुलं घरी गेली. सचिवांनी दुसरीला सांगितलं, सात मुलं अजून दाखल आहेत. प्राचार्य म्हणाले, विषबाधा झालेलीच नाही. तिघंही माझे वरिष्ठ. मी कुणाला गप्प करू?

उत्तर : कुणालाच नाही, आणि ते तुमच्याच्याने होणारही नाही. वरिष्ठाला 'बोलू नका' म्हटलं की तो जास्त बोलतो. त्यांना काम द्या. अध्यक्षांना म्हणा, पालक तुमची वाट बघत आहेत, रुग्णालयात तुम्हीच जायला हवं. प्राचार्यांना म्हणा, वर्गातल्या मुलांशी तुमच्याइतकं कुणी बोलू शकणार नाही. दोन्ही कामं खरी आहेत आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहण्यापेक्षा मोठी आहेत. मग माध्यमांशी एकच माणूस बोलेल.

तो एक कोण असावा, याचं उत्तर १९७९ च्या थ्री माइल आयलंड दुर्घटनेत सापडतं. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या या अणुवीज केंद्रात २८ मार्चला बिघाड झाला. वीज कंपनी एक बोलत होती, राज्य सरकार दुसरं, केंद्रीय नियामक आयोगातले अधिकारी तिसरं. तिसऱ्या दिवशी राज्यपालांनी पाच मैलांच्या आतल्या गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांना बाहेर पडायला सांगितलं, आणि मग ज्यांना सांगितलं नव्हतं असेही हजारो लोक गाड्या भरून निघाले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियामक आयोगातले हॅरॉल्ड डेंटन यांना तिथे पाठवलं, आणि अणुभट्टीच्या स्थितीबद्दल तेच बोलतील असं ठरलं. डेंटन हे वक्ते नव्हते, अभियंते होते. ते सावकाश आणि साध्या शब्दांत बोलत. लोक शांत होत गेले, कारण आज ऐकलेलं उद्याच्या बोलण्याशी जुळत होतं.

तेव्हा सर्वांत मोठ्या पदावरचा माणूस निवडू नका. ज्याला विषय कळतो आणि 'हे मला माहीत नाही' असं म्हणताना ज्याची मान खाली जात नाही, असा माणूस निवडा. तुमच्याकडे तो कदाचित वसतिगृहाचा अधीक्षक असेल किंवा मुलांना तपासणारे डॉक्टर. आकडा मात्र एकाच जागी लिहिलेला असू द्या. माझ्या टेबलामागे एक पांढरा फळा होता. त्यावर शेवटचा आकडा, तो कधी कळला आणि कुणी सांगितला, हे तिन्ही लिहिलेलं असायचं. संचालकांपासून टेलिफोन ऑपरेटरपर्यंत सगळे तो फळा बघूनच बोलायचे.

प्रश्न : आमचा खाद्यपदार्थांचा उद्योग आहे. उत्पादनात दोष सापडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी पत्रकारांना छातीठोकपणे सांगितलं, की तो घटक आमच्या कारखान्यात येतच नाही. दोन दिवसांनी कळलं, की एका विभागात तो येतो, अगदी कमी प्रमाणात. हे बाहेर कुणालाच माहीत नाही. आमचे मालक म्हणतात, वादळ ओसरतंय, आता उकरून काढू नका. दुरुस्ती द्यावी का?

उत्तर : द्यावी, आणि हा अंक हातात पडेपर्यंत दिली नसेल तर आजच द्यावी.

टायलेनॉलचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात कुणीतरी या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात माणसं मेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या. प्रशिक्षणवर्गांत इथवरच सांगतात. मला त्यातला एक छोटा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. आपल्या कारखान्यात सायनाइड नसतं, असं कंपनीने सुरुवातीला पत्रकारांना सांगितलं होतं. मग लक्षात आलं, की चाचण्यांसाठी थोडं सायनाइड तिथे ठेवलेलं असतं. कंपनीने ते मान्य केलं. त्या आठवड्यात 'सायनाइड' हा शब्द आपल्या कारखान्याच्या नावाशेजारी येऊ देणं किती जड गेलं असेल! पण तेच तिसऱ्याने शोधून काढलं असतं, तर बाटल्या परत मागवण्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

माझ्या बाबतीत दुरुस्ती देण्याची वेळ आली, ती फार उशिरा आली. ती गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी घाई का करते आहे, ते कळेल.

आमच्या कारखान्यात रात्री अकरा चाळीसला द्रावकांच्या गोदामाला आग लागली. बारा वाजून दहा मिनिटांनी मी फाटकावर पोचले. पाळीप्रमुखाने हजेरीपट घेऊन मैदानात नावं पुकारली होती, सगळे हजर होते. साडेबाराला एका वाहिनीचा फोन आला. विचारलं, 'मॅडम, कुणी दगावलं का?' मी म्हटलं, 'जीवितहानी नाही.' तीन सेकंदांत म्हटलं असेन. म्हणताना बरं वाटलं होतं, हेही आठवतं.

तो हजेरीपट कायम कामगारांचा होता. कंत्राटी कामगारांची वही ठेकेदाराच्या माणसाकडे असायची, आणि तो माणूस दहालाच घरी गेला होता. त्या वहीत एकाने सलग दुसरी पाळी घेतल्याची नोंद होती. त्याची बायको आगीच्या ज्वाळा बघून फाटकाशी आली होती. लहान मूल शेजारणीकडे ठेवून आली होती. गर्दीत कुणीतरी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, 'जीवितहानी नाही, कंपनीची माहिती.' ती सुटकेचा श्वास टाकून घरी परत गेली. नवरा आग विझवायला थांबला असेल, असं तिला वाटलं. पहाटे पावणेसहाला गोदामाच्या मागच्या बाजूला तो सापडला.

सव्वासहाला मी तिच्या घरी गेले आणि साडेसातला पत्रकारांना सांगितलं की मी रात्री दिलेली माहिती चुकीची होती, ती मी दिली होती, आणि दोन हजेरीपट वेगवेगळे असल्याची खातरजमा मी केली नव्हती. वरिष्ठांचा आग्रह होता, 'प्राथमिक माहितीनुसार' असा शब्द घालावा. मी घातला नाही. रात्री बोलताना मी तो शब्द वापरला नव्हता.

साडेबाराला म्हणायला हवं होतं ते वाक्य इतकं साधं होतं : 'आत किती माणसं होती, याची मोजणी चालू आहे.'

वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीची घटना वाचते तेव्हा मला दर वेळी ते फाटक दिसतं. २ जानेवारी २००६ रोजी तिथे स्फोट झाला आणि तेरा कामगार अडकले. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमाराला बचाव पथकाचा निरोप चुकीचा ऐकला गेला आणि चर्चमध्ये थांबलेल्या कुटुंबांपर्यंत बातमी पोचली : बारा जण जिवंत! घंटा वाजल्या, लोक गाऊ लागले, वर्तमानपत्रांची पहिली पानं तशी छापली गेली. प्रत्यक्षात एकच वाचला होता, बारा गेले होते. बातमी खोटी असावी, अशी शंका अधिकाऱ्यांना तासाभराच्या आतच आली होती. तरीही कुटुंबांना खरं सांगायला जवळजवळ तीन तास लागले. पुन्हा चूक होऊ नये म्हणून पक्कं कळेपर्यंत थांबलो, असं कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. मला त्यांच्या हेतूवर शंका नाही. पण चर्चमध्ये जाऊन 'आधीचा निरोप खात्रीचा नाही, थोडं थांबा' एवढं कुणी म्हणायला हवं होतं. पक्कं नसलेलं पक्कं नाही म्हणून सांगायला पुरावा लागत नाही.

दुरुस्ती देताना एक पथ्य पाळा. आधीचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणा, मग ते चूक आहे असं म्हणा, मग बरोबर काय ते सांगा. आणि ज्या ज्या बातमीदाराला तुम्ही आधीची माहिती दिली होती, त्या प्रत्येकाला वेगळा फोन करा. त्याने ती स्वतःच्या नावाने छापली आहे, त्याचीही पत तुमच्याबरोबर गेली आहे. मालकांना हा परिच्छेद वाचायला द्या, हवं तर.

प्रश्न : ओळखीच्या पत्रकाराला 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे आपल्या नावाने छापायचं नाही या अटीवर, सांगितलं तर चालतं का?

उत्तर : शांत दिवसांत, आधी ठरवून, चालतं. 'आधी ठरवून' म्हणजे तो 'हो' म्हणाल्यावर. बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हं' म्हटलं तर त्याच्यावर काहीही बंधन येत नाही. संकटाच्या दिवशी मात्र मी याच्या विरोधात आहे. एकाला जास्तीचं सांगितलं की उरलेले नऊ जण दुखावतात, आणि बातमी 'सूत्रांनुसार' म्हणून येते तेव्हा संस्थेतल्या लोकांना ते सूत्र कोण हे लगेच कळतं. शिवाय ज्या दोन गोष्टी तुम्ही कुजबुजून सांगता, त्या बऱ्याचदा पीडितांना अजून सांगितलेल्या नसतात.

प्रश्न : आमच्या लहानशा कंपनीतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली. नेमकी किती जणांची, हे कळायला तज्ज्ञ म्हणतात दोन आठवडे लागतील. लगेच सांगावं तर घबराट होईल, आणि थांबावं तर लपवलं असं होईल. वर आमचेच कर्मचारी व्हॉट्सअॅपवर अंदाज पसरवत आहेत. त्यांच्यावर कारवाई करावी का?

उत्तर : आधी कायद्याचं बघा. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत बहात्तर तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. तुमचे ग्राहक जिथे असतील तिथल्या नियमात मुदत असेल, तर ती तुमच्या सोयीने लांबत नाही.

कधी सांगायचं, या प्रश्नाची दोन टोकं दाखवणारी दोन उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीला २०१७ च्या जुलैअखेर चोरीचा सुगावा लागला आणि तिने ते ७ सप्टेंबरला जाहीर केलं. चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती. जवळजवळ सहा आठवडे मिळूनही तयारी कच्ची होती. लोकांनी आपलं नाव तपासावं म्हणून वेगळं संकेतस्थळ काढलं, पण त्याचा पत्ता कंपनीच्या मुख्य नावाशी नीट जुळत नव्हता. मग कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून ग्राहकांना एका सारख्या दिसणाऱ्या, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या पत्त्याकडे पाठवलं गेलं, आणि तेही एकदा नव्हे. ते बनवणाऱ्याचा हेतू सावध करण्याचा होता, म्हणून निभावलं.

दुसरीकडे ब्रिटनमधली टॉकटॉक ही दूरध्वनी आणि इंटरनेट सेवा देणारी कंपनी. ऑक्टोबर २०१५ मध्ये हल्ला झाल्यावर कंपनीच्या प्रमुख डिडो हार्डिंग यांनी एक-दोन दिवसांतच सगळ्या, म्हणजे सुमारे चाळीस लाख ग्राहकांना धोका असू शकतो असं जाहीरपणे सांगितलं. शेवटी आकडा निघाला सुमारे एक लाख सत्तावन्न हजार. त्यांच्यावर भरपूर टीका झाली : तांत्रिक प्रश्नांना उत्तरं नव्हती, आकडा फुगला होता. सुरक्षेतल्या ढिलाईबद्दल कंपनीला दंडही झाला, आणि तो योग्यच होता. तरीही बोलण्यापुरतं विचाराल, तर मी हार्डिंग यांच्या बाजूची आहे. ज्याला धोका नव्हता त्याने उगाच पासवर्ड बदलला, यात फार नुकसान नाही. ज्याला धोका होता त्याला कळलंच नाही, तर नुकसान त्याचं होतं आणि ते तुम्ही भरून देऊ शकत नाही.

म्हणून ग्राहकांना आज कळवा. किती जण, हे माहीत नाही असं लिहा. कोणत्या प्रकारची माहिती होती ते लिहा, आणि त्यांनी आज रात्री काय करायचं ते सगळ्यात वर लिहा. दिलगिरी त्याच्या खाली. पत्र मिळाल्यावर माणूस आधी 'मी काय करू' हे शोधतो.

कर्मचाऱ्यांवर कारवाई करू नका. ते अंदाज पसरवतात कारण त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, आणि घरी, नात्यात, शेजारी सगळे त्यांनाच विचारतात. माझ्या कारखान्यात आगीनंतर पहिले दोन दिवस आम्ही फक्त बाहेरच्यांसाठी निवेदनं काढली. तिसऱ्या दिवशी एक जुना फिटर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, 'बाई, आमच्या कारखान्यात काय झालं ते आम्ही पेपरात वाचायचं का?' त्यानंतर प्रत्येक निवेदन पत्रकारांकडे जाण्याआधी अर्धा तास सूचनाफलकावर लागायचं आणि पाळी सुरू होताना वाचून दाखवलं जायचं. अर्ध्या तासात ते फुटेल, ही भीती वरिष्ठांनी घातली होती. फुटायचंही कधीकधी, पण जे फुटायचं ते खरं असायचं. तुम्हीही आज संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलवा, ग्राहकांना जाणारं पत्र आधी त्यांना वाचून दाखवा आणि प्रश्न विचारू द्या. त्यांच्या प्रश्नांतून पत्रातल्या चुका सापडतील.

प्रश्न : आमच्याकडच्या अपघाताला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिघांचा जीव गेला होता. पत्रकारांचे फोन सुरू झाले आहेत. व्यवस्थापन म्हणतं, जखमेवरची खपली काढायची नाही, कुणालाही काही बोलायचं नाही. मला ते पटत नाही, पण काय म्हणावं तेही सुचत नाही.

उत्तर : खपली तुमची नाही, त्या तीन घरांची आहे, म्हणून ती काढायची की नाही हे व्यवस्थापन ठरवू शकत नाही. आधी त्या तिन्ही घरी जा. पत्रकारांना उत्तर देण्याच्या निदान आठवडाभर आधी. त्यांना सांगा, की फोन येत आहेत. विचारा, माणसाचं नाव आणि फोटो यावा असं वाटतं का, त्या दिवशी कुणी घरी आलेलं चालेल का. एक घर 'हो' म्हणेल, एक 'नाही' म्हणेल. दोन्ही उत्तरं पाळा, आणि 'नाही' म्हणणाऱ्या घराकडे कॅमेरा वळणार नाही यासाठी बातमीदारांशी स्पष्ट बोला. बहुतेक जण ऐकतात. मी बातमीदार असताना ऐकलं आहे.

पत्रकारांसाठी चौकशी अहवालातल्या शिफारशी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा : झाली, चालू आहे, झाली नाही. 'झाली नाही' पुढे कारण आणि तारीख. बातमीदार वर्षानंतर येतो तो हेच बघायला येतो. व्यवस्थापनाला हा तक्ता दाखवायला नको वाटला, तर त्यांची अडचण खपलीची नसून तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याची आहे, आणि त्यावर काम करायला अजून एक महिना हातात आहे.

आमच्या आगीला वर्ष व्हायच्या आधी मी त्या कामगाराच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने चहा ठेवला, मूल आता चालायला लागलं होतं. मी विचारलं, फोटो द्यायचा का, काही सांगायचं आहे का. त्या म्हणाल्या, 'आत गेलेल्या सगळ्यांची नावं आता एकाच वहीत असतात का, ते आधी सांगा.' मी म्हटलं, असतात. कायम असो की कंत्राटी, फाटकावर एकच वही आहे आणि दर पाळीला ती पाळीप्रमुखाच्या हातात जाते. त्यांनी मला तसंच सोडलं नाही. 'मला बघायची आहे,' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या फाटकावर आल्या. रखवालदाराने वही उघडून दिली. त्यांनी त्या दिवशीच्या पानावर वरून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटून आदल्या रात्रीचं पाहिलं, आणि वही मिटून माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'हे छापायला सांगा.'